सिस्टरचे मूळ कागद

बायको गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं ओटीवर वाल सोलत बसलो होतो. मोड आलेले वाल, चिमटीत धरून साल काढायची नि डाळिंबी पातेल्यात टाकायची. माझ्या अर्ध्या मोडत होत्या. ती म्हणाली, "छत्तीस वर्षं पोलिसात काढलीत, एक डाळिंबी धड सोलता येत नाय." थोड्या वेळानं म्हणाली, "त्या जोह्याच्या पोरीची केस लिहून काढा. पोरी अजून फसतायत. परवा एक जण विचारत होती, परीक्षा न देता परदेशात नर्स म्हणून घेतात काय?"

मी म्हटलं, माझं शिक्षण किती, मी काय लिहिणार.

"स्टेशन डायरी लिहीत होतात ना? तसंच लिहा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती जेवून आडवी झाली, ती उठली नाही. आज तीन महिने झाले. म्हणून लिहायला बसलोय. शिपाई म्हणून भरती झालो नि रोह्यातून सहाय्यक फौजदार म्हणून घरी आलो. भाषा जशी आहे तशी आहे. नाव कुणाचंच लिहिणार नाही. पण केस मात्र तासातासानं पाठ आहे.

गणपतीला आठ दिवस राहिले होते. बंदोबस्ताच्या याद्या, मंडळांचे परवाने, मिरवणुकीचे रस्ते, यात स्टेशनात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यात रोह्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलचा मॅनेजर तक्रार घेऊन आला. त्यांच्याकडच्या एका नर्सनं हॉस्पिटलच्या लेटरहेडवर अनुभवाचा खोटा दाखला बनवला नि आयर्लंडला पाठवला, असं त्याचं म्हणणं. तिकडच्या नर्सिंग कौन्सिलनं हॉस्पिटलला थेट ईमेल करून विचारलं, हा दाखला तुमचा का? तेव्हा बिंग फुटलं.

मोठ्या साहेबांनी तपास माझ्याकडे दिला. म्हणाले, "कागदी केस आहे. पोरीला बोलवा, कबूल करून घ्या, गणपतीच्या आधी मोकळे व्हा." हॉस्पिटलचे मालक साहेबांच्या बैठकीतले. ते साहेबांनी लपवलं नाही नि मीही विचारलं नाही.

नोटीस दिली. दुसऱ्या दिवशी पोरगी ड्युटी संपवून तशीच आली, अंगावर युनिफॉर्म. वय पंचवीस-सव्वीस. बरोबर बाप. त्याच्या नखांत गुलाबी रंग भरलेला, म्हणजे गणपतीच्या कारखान्यातून उठून आलेला. मी महिला शिपायाला शेजारी बसवलं नि दाखला टेबलावर ठेवला.

"हा तुझा?"

"नाव माझं हाय. दाखला माझा नाय."

"सही?"

"मेट्रनची काढलीय कुणीतरी. मला मेट्रननं दिला तो दोन वर्षं तीन महिन्यांचा होता. यात तीन वर्षं लिहिलीत."

"खरं सांग, सोडून देतो," हे वाक्य मी नोकरीत हजार वेळा वापरलंय. निम्मी माणसं त्यावर रडायला लागतात, मग काम सोपं होतं. तिलाही म्हटलं. ती सरळ बघून म्हणाली, "सोडू नका. मी सांगते ते लिहून घ्या. नि मग मला वाचून दाखवा."

मला राग आला. पण लिहून घेतलं. तिनं जे सांगितलं ते मला तेव्हा नवीन होतं, म्हणून इथं नीट मांडतो. नर्सला बाहेर जायचं तर नुसता पासपोर्ट पुरत नाही. आपल्या राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदलेलं पाहिजे. मग तिकडचं कौन्सिल विचारतं. पण पोरीला विचारत नाही. ते कॉलेजला विचारतं, आपल्या कौन्सिलला विचारतं, जिथं काम केलं त्या हॉस्पिटलला विचारतं नि उत्तरं त्यांनी परस्पर पाठवायची, पोरीच्या हातून नाही. वर इंग्रजीची परीक्षा असते. ती पास झाल्यावर पुन्हा त्यांची पारख, काही ठिकाणी लेखी, काही ठिकाणी पुतळ्यावर हातानं करून दाखवायचं. वर्ष-दीड वर्ष जातं. एका ठिकाणी जरी खोटा कागद सापडला तरी नाव काळ्या यादीत.

"आता माझं नाव तिथं जाईल," ती म्हणाली. "नि तुमचा गुन्हा नोंदला की इथलं रजिस्ट्रेशन पण जाईल. इंग्रजीच्या परीक्षेची फी भरलीय मी, चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी मुंबईला पेपर हाय. मूळ पासपोर्ट दाखवल्याशिवाय आत घेत नाहीत. नि माझा पासपोर्ट त्याच्याकडं हाय."

"त्याच्याकडं म्हणजे?"

"पेणचे सर. फॉर्म ते भरतात. कॉलेजची मार्कशीट, रजिस्ट्रेशन, पासपोर्ट, सगळं मूळ घेतलं. आठ कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या."

"कोऱ्या? तू शिकलेली पोर ना?"

तिच्या आधी बाप बोलला. "साहेब, तिला बोलू नका, मी सांगितलं द्यायला. सात वर्षं तो मानूस आमच्याकडनं गनपती नेतोय. ज्याच्या घरात आमच्या हातचा गनपती बसतो, तो आमच्या पोरीला फसवील, असं मनात तरी यील काय?"

मी हसलो नाही. हमरापूर-जोहे ही गणपती घडवणारी गावं, तिकडच्या माणसाच्या दृष्टीनं हा पुरावाच झाला. बँकेपेक्षा मोठा.

माझी बायको उपकेंद्रात एएनएम होती, गावातली नर्सबाई. दाखल्याची झेरॉक्स मी खिशात घालून घरी नेली. नियमात बसत नव्हतं. नेली. तिनं चष्मा लावून वाचली नि विचारलं, "पोरीचं रजिस्ट्रेशन कधीचं?" मी जबाबातली तारीख सांगितली.

"मग इथं बघा. नोकरी लागल्याची तारीख रजिस्ट्रेशनच्या नऊ महिने आधीची घातलीय. रजिस्ट्रेशन नंबर मिळायच्या आधी हिला नर्स म्हणून वॉर्डात दाखवणार कोण? हे मेट्रननं लिहिलेलं नाय. पोरीनं तर नायच. कुठलीही नर्स ही चूक करणार नाय, झोपेत पण नाय. हे ज्यानं लिहिलं त्यानं आयुष्यात कधी कुणाचं टेंपरेचर घेतलेलं नाय."

सकाळी साहेबांना हे सांगितलं. साहेब म्हणाले, "बायकोच्या सांगण्यावरून तपास करता काय?"

"हो साहेब. ती बत्तीस वर्षं सिस्टर आहे. मी नाही."

पेणला गेलो. एस.टी. स्टँडजवळ एका दुकानाच्या माडीवर ऑफिस होतं. शटर खाली, बोर्ड काढून नेलेला, फक्त खिळे उरलेले. पोरीनं दिलेल्या व्हिजिटिंग कार्डावरचा नंबर बंद. जागामालकाकडे आधारकार्डाची झेरॉक्स होती, तिच्यावरचं नाव दुसरंच नि पत्ता ठाण्याचा. ठाण्याला फोन लावला, त्या पत्त्यावर असला माणूस नाही. खालचा दुकानदार म्हणाला, "चार दिवस झाले, बंदच हाय. पोरी येऊन बघून जातात. कालच एक रडत गेली." म्हणजे आमची पोरगी एकटी नव्हती.

परत येताना बापाचं बोलणं डोक्यात फिरत होतं. भाड्याला खोटं नाव देईल, कार्डावर खोटं छापील. पण घरचा गणपती खोट्या नावानं बुक करील? मी बायकोला काही न विचारता पहिल्यांदाच स्वतःच्या डोक्यानं चाललो नि जोह्याला उतरलो.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. फळ्यांवर गणपतींच्या रांगा, काही पांढरे, काही रंगलेले, प्रत्येकाच्या पायाशी गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी. बापानं बुकिंगची वही काढली. सात वर्षांपूर्वीच्या पानापासून एकच नाव, एकच गाव. निडीजवळचं. पुढं लिहिलेलं: दीड फूट, शाडू, मांडी घातलेला. खरं नाव, खरं गाव. तिथं त्याला खोटं बोलायचं धाडस झालं नव्हतं.

त्याच दिवशी साध्या कपड्यातला शिपाई त्या गावात पाठवला. घरी म्हातारी आई नि धाकटा भाऊ. त्यांनी सांगितलं, थोरला मुंबईला गेलाय, कधी येईल माहीत नाही. घरात तेव्हाच शिरलो असतो तर त्याला फोन गेला असता नि माणूस कायमचा हातचा गेला असता. साहेब म्हणाले, "गणपती न्यायला तो कशाला येतोय? भावाला पाठवील."

मी बापाला विचारलं. तो म्हणाला, "नाय साहेब. पाट घरून आनतो, टोपी घालून सोता येतो. गनपती दुसऱ्याच्या हातात द्येनारा मानूस नाय तो."

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळपासून मी नि दोन शिपाई कारखान्यात. मला अंगात जुनी बनियन नि हातात ब्रश दिला. पोरीची आजी माझ्यावर नजर ठेवून होती. "ओ फौजदार, तिथं हात लावू नका, ओला हाय. तुमचं काम चोर पकडायचं, उंदराची शेपटी रंगवायचं नाय."

त्या घरात डोळ्यांची आखणी पोरगीच करायची. हॉस्पिटलनं तिला कामावरून थांबवलं होतं, म्हणून ती दिवसभर तिथंच होती. बारीक ब्रश घेऊन, श्वास रोखून, एकेक डोळा. शेवटी त्याचा गणपती उरला. तिनं चिठ्ठी वाचली नि ब्रश पाण्यात टाकला.

"याचे डोळे मी काढणार नाय."

बाप म्हणाला, "गो, गनपती त्याचा थोडाच हाय?"

"त्याच्याच घरात बसणार ना?"

आजी बसल्या जागेवरनं ओरडली, "मग चांगले मोठे काढ गो बाय! त्याच्याकडं बघत ऱ्हायला पाहिजेल दहा दिवस!" सगळी शेड हसली. पोरगी हसली नाही, पण ब्रश उचलला. तिचा हात हलला नाही हे मी पाहिलं. सुई टोचणारा हात.

तीनच्या सुमाराला तो आला. गोरा, नीटनेटका, डोक्यावर पांढरी टोपी, भावाबरोबर गाडी. पाट स्वतःच्या हातात. पोरगी मागच्या पडवीत. बापानं नेहमीसारखा नारळ दिला, मूर्ती पाटावर ठेवली, तोंडावर रुमाल टाकला. माझा एक शिपाई पुढं सरकला. मी शिपायाचा दंड धरून त्याला थांबवलं. मूर्ती हातात असलेल्या माणसाला मी धरणार नव्हतो. आणि खरं सांगतो, त्यात भक्ती अर्धीच होती. मला माणूस नको होता, मला कागद पाहिजे होते. ते घरात असतील तर तो मला घरापर्यंत नेणार होता.

वडखळ, नागोठणे, पुढं निडी. चाकरमान्यांच्या गाड्यांची ही गर्दी. खाजगी गाडीनं आम्ही मागे मागे. त्यानं मूर्ती घरात नेली, म्हातारीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, मूर्ती मखरात ठेवली. मग मी दारात उभा राहिलो नि ओळखपत्र दाखवलं. पोलीस पाटलांना नि शेजारच्या दुकानदाराला पंच म्हणून आधीच बोलावलं होतं.

"पोरींचे कागद कुठं आहेत?"

"कसले कागद साहेब? मी गाइडन्स देतो फक्त. कागद कुरिअरनं परत पाठवले सगळ्यांचे."

"पावत्या दाखव."

"ऑफिसात आहेत."

"ऑफिसच्या भिंतीत खिळे आहेत फक्त."

शिपायांनी कपाट पाहिलं, माळा पाहिला, पलंगाखाली पाहिलं. काही नाही. तो शांत. माणूस घाबरला की घाम येतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण मी दुसरीकडे लक्ष ठेवतो. झडती चालू असताना माणूस सगळीकडे नजर फिरवतो, एक जागा सोडून. हा सगळीकडे बघत होता, मखराकडे नव्हता बघत. घरात गणपती येऊन दहा मिनिटं झालेला माणूस गणपतीकडे बघत नाही? इतक्यात भाऊ दिव्यांच्या माळेची वायर ओढायला मखरामागे वाकला, तसा हा खेकसला, "हात लावू नको तिकडं!"

मखर उंचावर होतं. खाली लाल चादर, जमिनीपर्यंत सोडलेली. मी म्हातारीला म्हटलं, "आई, खाली काय ठेवलंय?"

"पेटी हाय. ह्यानंच ठेवली, उंची पायजे म्हनून."

"ती उघडायची आहे. मूर्ती तुम्ही उचलता का? उद्या बसवायचीय, अजून बसलेली नाही."

तो म्हणाला, "आई, उचलू नको."

म्हातारीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. आईला पंचनामा लागत नाही. तिनं पदर खोचला, मूर्ती उचलून मांडीवर घेतली नि खाली बसली. म्हणाली, "उघडा."

पत्र्याच्या ट्रंकेत सतरा पासपोर्ट, मार्कशीटांचे गठ्ठे, रजिस्ट्रेशनची प्रमाणपत्रं, चार हॉस्पिटलांची खोटी लेटरहेडं, शिक्के. प्रत्येक पोरीच्या नावाचं पाकीट. तो मग बसला नि बोलायला लागला, थांबवलं तरी थांबेना. अनुभव वाढवला की नोकरी लवकर लागते, म्हणून हा दाखले बनवायचा. फॉर्मवर हॉस्पिटलचा म्हणून स्वतःचा ईमेल द्यायचा, म्हणजे विचारणा आली की उत्तर हाच देणार. आयर्लंडवाल्यांनी त्या ईमेलवर भरवसा न ठेवता हॉस्पिटलचा खरा पत्ता शोधला, तिथं तो अडकला. कागद का परत दिले नाहीस, विचारलं. म्हणाला, "कागद हातात असले की पोरी ओरडत नाहीत साहेब."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेतलं. मी या केसमधून काय शिकलो म्हणाल तर तेच. तुमचा मूळ कागद ज्याच्या हातात, तुमचा आवाज त्याच्या खिशात. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा नि परत घ्या. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, मग समोर कोणीही असो. फॉर्ममध्ये ईमेल कुणाचा टाकलाय ते स्वतः वाचा. आखातात जायचं तर सरकारी परवाना असलेल्याच एजंटकडून जा, नि परवाना मागायला लाजू नका. आणि परीक्षा नाही, असं जो सांगतो, तो खोटं बोलतो. परीक्षा आहे. द्यायची. आमची पोरगी द्यायला तयारच होती.

संध्याकाळी साडेसातला आरोपी नि ट्रंक घेऊन रोह्याला आलो. साहेब खूष झाले. मग मी म्हटलं, "साहेब, पोरीचा परवा पेपर आहे. उद्या आरोपीला सुट्टीच्या कोर्टात रिमांडला न्यायचाय, तिथंच ती मूळ कागद परत मागणारा अर्ज देईल."

साहेबांचा चेहरा बदलला. "मुद्देमाल सील करा. गणपतीनंतर बघू. हॉस्पिटलची तक्रार तिच्याविरुद्ध आहे, ती अजून संशयित आहे. कोर्टानं तुमचं म्हणणं मागितलं तर हरकत लिहा."

एकदा ट्रंक मुद्देमालाच्या खोलीत गेली की केस संपेपर्यंत तिथं राहते. मी त्या खोलीत दहा-दहा वर्षं पडलेल्या सायकली पाहिल्यात. चोरानं अडवलेला पासपोर्ट आता आम्ही अडवणार होतो, एवढाच फरक.

"तिनं काही केलेलं नाही साहेब."

"निवृत्तीला किती महिने राहिले तुमच्या?"

"आठ."

"मग पेन्शनचे कागद नीट जाऊ द्या. पोरीची परीक्षा हे पोलीस स्टेशनचं काम नाही."

घरी आलो. बायको मोदकांसाठी नारळ खवत होती. सगळं सांगितलं. ती खवतच राहिली. मग म्हणाली, "मला जनरल नर्सिंगला जायचं होतं. कोर्स करून मैत्रीण मस्कतला गेली. मी विचारलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

मला आठवत होतं. भाकऱ्या कोण भाजणार, असं म्हणालो होतो. हसत.

"मी थांबले," ती म्हणाली. "तुम्ही अडवलंत नि मी थांबले. हिला अडवू नका."

"पेन्शन लटकेल."

"माझी हाय ना पेन्शन. भाकऱ्या मिळतील."

"नि उद्या सकाळी गणपती कोण बसवणार? मी कोर्टात असेन."

"मी बसवीन. भटजींना काय वाटायचं ते वाटू दे."

माझी पेन्शन पुढं सात महिने लटकली, हे खरं आहे. पोरगी आज आयर्लंडला एका हॉस्पिटलात आहे, हेही खरं आहे. मुंबईच्या त्या पेपरात नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली. तिकडच्या कौन्सिलला आमच्या केसचे कागद पाठवले, त्यांनी तिचं नाव साफ केलं. कुणी मेहेरबानी केली नाही. बाकी सोळा जणींतल्या काही गेल्या, काहींनी नाद सोडला. तो त्यांचा प्रश्न, कागद त्यांच्या हातात आहेत. बायको गेल्याचं कळलं तेव्हा पोरीनं तिकडून फोन केला. नुसती रडली. मीही फोन तसाच धरून बसलो.

तर, चतुर्थीची सकाळ. सातला आंघोळ करून, बायकोला नमस्कार करून निघालो. हो, बायकोला. तिनं "वेड लागलं काय?" म्हटलं. ट्रंक नि आरोपी घेऊन कोर्टात पोचलो तर पोरगी नि बाप पायरीवर उभे, तिच्या हातात स्वतः लिहिलेला अर्ज. कोर्टात तीन माणसं. मॅजिस्ट्रेट मॅडमनी रिमांड दिला, मग अर्ज वाचला नि माझ्याकडे बघून विचारलं, "तपासी अधिकाऱ्याचं म्हणणं काय?"

खिशात फोन वाजत होता. साहेबांचा असणार. मी तो बंद केला, अर्ज घेतला, टेबलाच्या कडेला वाकलो नि मागच्या बाजूला लिहिलं: अर्जदार आरोपी नसून तिची फसवणूक झालेली आहे. झेरॉक्स रेकॉर्डला ठेवून मूळ कागद तिला देण्यास माझी हरकत नाही. खाली सही केली, हुद्दा लिहिला, तारीख टाकली नि कागद मॅडमच्या पुढं ठेवला.